मासा कोणाचा?

हवाई बेटांतील होनोलुलू येथें १९७० सालीं भाड्यानें चालणारी एक बोट समुद्रावरून परत आली. तिचें नांव 'कोरीन सी' आणि तिचा कप्तान कॉर्नेलियस चॉय. त्या दिवशीं बोटीवर जे पाहुणे होते ते कोणी नामांकित शिकारी नव्हते. हवाईस फिरावयास आलेले आणि एक दिवसाची मौज म्हणून पैसे भरून बोटींत बसलेले प्रवासी होते. बोटीबरोबर जो मासा आला तो मात्र वजनांत १८०५ पौंड, म्हणजे सुमारें ८१९ किलो भरला. बारा-तेरा प्रौढ माणसें एका कांट्यावर उभीं केलीं तर कांटा जेथें जाईल तेथें तो गेला. मासा निळ्या मार्लिनच्या जातीचा होता. वरचा जबडा भाल्यासारखा लांब, पाठ गर्द निळी, पोट रुपेरी. तें पोट फाडलें तेव्हां आंत १५५ पौंडांचा, म्हणजे एका धडधाकट माणसाच्या वजनाचा, ट्यूना मासा निघाला.

काठी, दोरी आणि रीळ ह्या साधनांनीं धरलेल्या मार्लिन माशांत ह्याहून मोठा मासा आजवर झालेला नाहीं असें ह्या विषयांतले जाणते सांगतात. आणि तरीसुद्धां विक्रमांच्या अधिकृत नोंदवहींत त्याला स्थान नाहीं. त्या वहींत पॅसिफिक महासागरांतील निळ्या मार्लिनच्या नांवापुढें जो आंकडा आहे तो १३७६ पौंडांचा आहे; तो मासा १९८२ सालच्या मे महिन्यांत हवाईच्याच कोना किनाऱ्यावर धरला गेला. चारशें एकोणतीस पौंडांनीं लहान असलेला मासा पहिला ठरावा आणि मोठ्याची नोंदच नसावी, हा प्रकार न्यायाचा कीं अन्यायाचा, हें ठरविण्यापूर्वीं ह्या खेळांत कोण काय करतो हें पाहिलें पाहिजे.

भर समुद्रांतली ही मृगया एकट्या माणसाच्यानें होणारी नव्हे. तिला निदान तिघे लागतात. पहिला बोटीचा कप्तान, दुसरा त्याचा खलाशी, आणि तिसरा मागच्या खुर्चींत बसणारा पाहुणा. पाहुणा दिवसाचें किंवा अर्ध्या दिवसाचें भाडें देतो. त्या भाड्यांत बोट, तेल, काठ्या, रिळें, आमिषें आणि वरच्या दोघांनीं आयुष्यभर मिळविलेली विद्या एवढें सगळें येतें. पुष्कळदां पाहुण्यानें त्यापूर्वीं समुद्रांत गळ टाकलेलाहि नसतो. मासा सांपडला म्हणजे मात्र छायाचित्र निघतें तें पाहुण्याचें, आणि वहींत नांव चढतें तेंहि पाहुण्याचेंच.

कोंकणच्या किनाऱ्यावर असला प्रश्न उपस्थित होत नाहीं. तेथें मासळी धक्क्यास लागली कीं नावेचा वांटा, जाळ्यांचा वांटा, तांडेलाचा वांटा, खलाशाचा वांटा असे हिशेब रूढीनें होत आलेले आहेत. अमुक एक सुरमई अमक्यानें धरली असें तेथें कोणी म्हणत नाहीं. मासा पोटासाठीं धरावयाचा असला कीं तो सर्वांचा असूं शकतो. कीर्तीसाठीं धरावयाचा असला कीं तो एकाचाच असावा लागतो, आणि तो एक कोण हें ठरविण्यासाठीं मग नियम करावे लागतात.

हे नियम प्रथम झाले ते कॅलिफोर्नियांत. लॉस एंजेलिसच्या समोर, किनाऱ्यापासून वीस-बावीस मैलांवर सांता कॅटॅलिना नांवाचें बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील ॲव्हेलॉन गांवीं हवा पालटण्यासाठीं पाहुणे येत आणि गांवचे नावाडी त्यांना होड्यांतून मासेमारीस नेत. त्या मासेमारींत खेळ असा फारसा नव्हता. जाड दोरी हातानें सरळ ओढावयाची, आणि एका सकाळींत एवढी मासळी काढावयाची कीं ती खाणार कोण असा प्रश्न पडावा. उरलेली मासळी समुद्रांतच टाकून देत.

पॅसाडीना येथें राहणारा चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हा निसर्गशास्त्राचा अभ्यासक होता. त्याला ही नासाडी पाहवेना. १८९८ सालच्या जूनच्या पहिल्या तारखेस त्यानें काठी, रीळ आणि लिननच्या धाग्यांची बारीक दोरी एवढ्या सामग्रीनें १८३ पौंडांचा ट्यूना काढला. आपल्याकडे ज्याला कुपा म्हणतात त्याचाच हा मोठा भाऊबंद. पावणेचार तास झगडा चालला, आणि तेवढ्या वेळांत त्या माशानें होल्डरला, होडीला आणि होडीवरच्या जिम गार्डनर ह्या नावाड्याला सुमारें दहा मैल ओढीत नेलें. त्याच सालीं होल्डरनें ॲव्हेलॉन येथें ट्यूना क्लब स्थापन केला. क्लबाचे नियम थोडे पण करडे होते. दोरी चोवीस धाग्यांहून जाड नसावी. काठी मोडली तर मासा बाद. आणि मासा होडीच्या कडेला येईपर्यंत शिकाऱ्यानें तो एकट्यानें, दुसऱ्या कोणाच्याहि मदतीवांचून आणला पाहिजे. ह्या नियमांनीं शंभर पौंडांवरचा ट्यूना जो काढील तोच क्लबाचा पूर्ण सभासद.

ह्या नियमांच्या मुळाशीं माशाविषयीं न्यायबुद्धि होती ह्यांत शंका नाहीं. माशाला निसटण्याची संधि मिळावी, एका माशासाठीं माणसाला घाम गाळावा लागावा, म्हणजे शंभर माशांची नासाडी आपोआप थांबेल, असा तो विचार होता आणि तो कांहीं अंशीं खराहि ठरला. परंतु 'एकट्यानें' ह्या शब्दांत जिम गार्डनर कोठें बसतो? ट्यूना कोठें येईल हें कोणाला ठाऊक होतें? दोरी होडीखालीं जाऊं लागली तेव्हां होडीचें तोंड कोणीं फिरविलें? होल्डरचा एक चांगुलपणा येथें नमूद केला पाहिजे, तो हा कीं आपल्या लेखनांत त्यानें नावाड्यांचीं नांवें गाळलीं नाहींत. नियमांत मात्र त्यांना जागा नव्हती, आणि पुढेंहि ती झाली नाहीं.

वास्तविक ह्या खेळांतल्या पुष्कळशा युक्त्या नावाड्यांच्या आणि कप्तानांच्याच डोक्यांतून निघालेल्या आहेत. कॅटॅलिनाच्या जॉर्ज फार्न्सवर्थ ह्या कप्तानाचें उदाहरण मजेचें आहे. ट्यूना मासे एंजिनाच्या बोटींना बुजूं लागले, जवळ येईनात, तेव्हां १९१० च्या सुमारास त्यानें बोटीवरून पतंग उडविण्यास सुरुवात केली. गळाला लावलेला उडता मासा पतंगाच्या दोरीला अडकवावयाचा, आणि पतंगानें तो बोटीपासून दूर, लाटांच्या माथ्यांवरून टुणटुण उड्या मारीत न्यावयाचा. ट्यूनाला वाटावें कीं खराच मासा जीव घेऊन पळत आहे. गिरगांवच्या गच्चीवर संक्रांतीच्या दिवशीं मांजा सांभाळणाऱ्या मुलांना हा उपयोग सुचणें कठीण! ह्याच फार्न्सवर्थच्या बोटीवरून १९१३ सालीं विल्यम बॉशेन ह्यानें काठी आणि रीळ ह्यांच्या साहाय्यानें पहिला तलवारमासा काढला. वजन ३५५ पौंड. त्यापूर्वींच्या रिळांची मूठ मासा पळूं लागतांच उलटी गरगर फिरे आणि बोटांचीं हाडें मोडी. बॉशेनच्या कल्पनेवरून जें नवें रीळ तयार झालें त्यांत दोरी सुटत असतांनाहि मूठ स्थिर राहूं लागली. आजचीं मोठीं रिळें त्याच वंशांतलीं आहेत.

आज अशा बोटीवर काय चालतें हें पाहावयाचें तर कोनाचें उदाहरण घ्यावें. तेथें ज्वालामुखीचे प्रचंड डोंगर व्यापारी वारे अडवितात म्हणून किनाऱ्यालगतचें पाणी बहुधा शांत असतें. आणि त्याच डोंगरांचे उतार पाण्याखालीं तसेच उतरत गेल्यामुळें बंदरापासून थोड्याच मैलांवर समुद्राची खोली हजार वांवांवर जाते. मुंबईहून निघालेल्या बोटीला एवढी खोली गांठावयास शेंकडो किलोमीटर जावें लागेल. कोनाच्या कप्तानाच्या मात्र दाराशींच मार्लिन येतो असें म्हणावयास हरकत नाहीं.

बोट सात-आठ सागरी मैलांच्या वेगानें चालत असते. तिच्या दोन्ही बाजूंस लांब दांडे पसरलेले असतात आणि त्यांच्यावरून गेलेल्या दोऱ्या मागच्या आमिषांना एकमेकांपासून दूर ठेवतात. हे दांडे नसते तर सगळ्या दोऱ्यांचा गुंता होण्यास एक वळण पुरे झालें असतें. कप्तान वर मचाणावर उभा असतो. त्याची नजर जितकी पाण्यावर तितकीच आकाशांतहि असते. काळा फ्रिगेट पक्षी, ज्याला हवाईचे लोक 'इवा' म्हणतात, एका जागीं घिरट्या घालूं लागला कीं खालीं लहान मासे वर ढकलले जात आहेत असें समजावयाचें. आणि लहान मासे असे उगीच वर येत नाहींत. प्रवाहाची कड, पाण्याचा रंग बदलतो ती रेषा, तरंगत आलेला एखादा ओंडका, काल ह्याच भरतीच्या वेळीं काय दिसलें होतें त्याची आठवण, ह्या साऱ्यांतून तो बोटीची वाट ठरवितो. पाहुणा ह्या वेळीं बहुधा झोंपलेला असतो, नाहींतर त्याला बोट लागलेली असते.

मग एकाएकीं रीळ किंचाळतें. खलाशी बाकीच्या दोऱ्या भराभर गुंडाळतो आणि पाहुण्याला खुर्चींत बसवून पट्टे आंवळतो. आतां पाहुण्याचें काम सुरू होतें. पायांवर जोर देऊन काठी उचलावयाची, आणि ती खालीं आणतांना रीळ फिरवून दोन-चार हात दोरी मिळवावयाची; पुन्हां उचलावयाची, पुन्हां मिळवावयाची. हे श्रम खोटे नव्हेत. हातांना पेटके येतात, पाठ धरते, आणि तासाभरांत मिळविलेली दोरी मासा अर्ध्या मिनिटांत परत नेतो. परंतु ह्याच वेळीं वर कप्तान बोट उलटी, माशाच्या दिशेस हांकीत असतो. मागच्या कठड्यावरून लाटा आंत येतात, एंजिनाचा धूर नाकातोंडांत जातो, आणि पाहुण्याला जी दोरी मिळते ती पुष्कळदां माशानें दिलेली नसून एंजिनानें दिलेली असते. मासा खोल जाऊन मेला तर प्रकरण अधिकच बिकट. हें मेलेलें वजन केवळ दंडाच्या जोरावर सरळ वर येत नाहीं. कप्तान बोट दूर नेऊन दोरीला तिरपा कोन देतो आणि त्या कोनाच्या आधारें मासा थोडाथोडा वर चढवितो. हें कसब ज्या कप्तानाला साधलें नाहीं त्याच्या पाहुण्यानें संध्याकाळपर्यंत ओढलें तरी मासा जेथल्या तेथेंच राहतो. काठीला दुसऱ्याचा हात लागूं नये असा नियम आहे. एंजिनाला लागूं नये असा नियम नाहीं.

शेवटचे कांहीं हात खलाशाचे. गळाजवळचा जो जाड तारेचा भाग असतो तो हाताशीं येतांच खलाशी जाड हातमोजे चढवून ती तार धरतो आणि तळहाताभोंवतीं तिचे एक-दोन वेढे घेतो. वेढे घेतल्यावांचून पकड बसत नाहीं, आणि वेढा वेळेवर सुटला नाहीं तर मासा माणसाला घेऊन जातो. हें बोलणें अलंकारिक नव्हे. १९९४ सालीं अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्याबाहेर निळ्या मार्लिनची तार धरलेला एक खलाशी असाच बोटीवरून ओढला गेला. त्याला वांचवितां आलें नाहीं. खुर्चींतल्या माणसाला सहसा इतका मोठा धोका नसतो. त्याच्या आणि माशाच्या मध्यें कित्येक हात दोरी असते. खलाशी आणि मासा ह्यांच्या मध्यें कांहीं नसतें.

ट्यूना क्लबाचा 'एकट्यानें' हा शब्द १९३९ सालीं सर्व जगाचा झाला. त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या अमेरिकन निसर्गेतिहास संग्रहालयांत इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही संस्था जन्मास आली. मायकेल लर्नर हा तिचा मुख्य प्रवर्तक, संग्रहालयांतील शास्त्रज्ञ विल्यम किंग ग्रेगरी हा पहिला अध्यक्ष. पुढल्या वर्षीं कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे उपाध्यक्ष झाला. निरनिराळ्या देशांतल्या शिकाऱ्यांच्या बढाया एका मापानें मोजतां याव्या म्हणून संस्थेनें नियम बांधले. मासा लागल्या क्षणापासून तार हातीं येईपर्यंत काठी, रीळ किंवा दोरी ह्यांना शिकाऱ्यावांचून दुसऱ्या कोणाचा स्पर्श झाला कीं तो मासा विक्रमास अपात्र. तार हातीं आल्यावर इतरांनीं मदत केली तर दोष नाहीं. बाहेर येण्यापूर्वीं दुसऱ्या प्राण्यानें लचका तोडलेला मासाहि अपात्र. ह्या नियमांप्रमाणें सर्वांत मोठा ठरलेला मार्लिन म्हणजे पेरू देशांतील काबो ब्लँको येथें ४ ऑगस्ट १९५३ रोजीं आल्फ्रेड ग्लासेल ह्यानें काढलेला १५६० पौंडांचा काळा मार्लिन. पावणेदोन तासांत तो हातीं आला आणि त्याचा विक्रम अजून कोणीं मोडलेला नाहीं. गंमत अशी कीं ह्याच माशाच्या उड्यांचें चित्रण पुढें हेमिंग्वेच्या कादंबरीवरून निघालेल्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' ह्या १९५८ सालच्या चित्रपटांत वापरलें गेलें. पडद्यावरचा तो दरिद्री, एकाकी कोळी ज्या माशाशीं झुंजतो तो मासा खरोखरी तेलाच्या धंद्यांतील एका श्रीमंताच्या गळाला लागलेला होता.

आतां 'कोरीन सी'चें काय झालें हें सहज कळेल. त्या दिवशीं काठी एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत गेली. एवढेंच झालें. बोटींतल्या माणसांनीं आळीपाळीनें ओढावें ह्यासारखी स्वाभाविक गोष्ट दुसरी कोणती? कोणत्याहि कोंकणी नावेवर तेंच घडलें असतें, आणि न घडतें तर लोकांनीं नांवें ठेविलीं असतीं. परंतु ज्या क्षणीं काठीनें हात बदलला त्या क्षणीं तो मासा नोंदवहीच्या दृष्टीनें नाहींसा झाला. नियमाप्रमाणें हें बरोबरच आहे. नियम शिथिल केला तर चार तगडे गडी मिळून ओढतील आणि विक्रमाला अर्थ राहणार नाहीं. तरीपण पुढें लोकांनीं जें केलें तें लक्षांत घेण्यासारखें आहे. नोंदवहींतले मासे शिकाऱ्यांच्या नांवानें ओळखले जातात. हा मासा मात्र त्या दिवशींच्या कोणाहि पाहुण्याच्या नांवानें ओळखला जात नाहीं. हवाईत आणि हवाईबाहेर त्याला 'चॉयचा राक्षस' म्हणतात. वहींतून बाहेर पडल्यामुळेंच काय तें कप्तानाचें नांव एका माशाला लाभलें.

कप्तान आणि खलाशी ह्यांच्या वांट्याला वहीची बाजूहि क्वचित् आलेली आहे. ऑस्ट्रेलियांतील केर्न्स येथें जॉर्ज ब्रॅन्सफर्ड नांवाच्या अमेरिकन गृहस्थाला वाटत असे कीं ग्रेट बॅरिअर रीफच्या बाहेरील खोल पाण्यांत हजार पौंडांचे काळे मार्लिन असलेच पाहिजेत. १९६६ सालच्या सप्टेंबरांत त्याच्या 'सी बेबी' ह्या बोटीवर १०६४ पौंडांचा मार्लिन आला, आणि तोहि ऐंशीं पौंडांचा ताण सोसणाऱ्या दोरीवर. त्या दिवशीं खुर्चींत बसला होता तो ब्रॅन्सफर्डचा खलाशी रिचर्ड ओबाच. त्या एका माशानें केर्न्सचें नांव जगभरच्या शिकाऱ्यांत झालें आणि भाड्याच्या बोटींचा तेथला धंदा उभा राहिला.

ह्या खेळांत माशावर हक्क सांगणारा चौथा एक असतो, तो शार्क. कादंबरीकार झेन ग्रे ह्यानें १९३० सालीं ताहितीजवळ एक प्रचंड मार्लिन काढला. बोटीशीं येईपर्यंत शार्कांनीं त्याचे लचके तोडले होते, आणि उरलेलें वजन १०४० पौंड भरलें. काठी आणि रीळ ह्यांनीं हजार पौंडांचा पल्ला ओलांडणारा हा पहिला मासा. पण तो मूळचा किती होता हें शार्कांनाच ठाऊक. नियमाचा हेतु इतकाच कीं शार्कनें दुबळा केलेला मासा शिकाऱ्याचा पराक्रम म्हणून मिरवूं नये. आतां मात्र ह्या नियमावर फार मोठ्या रकमा टांगलेल्या असतात. जून २०२३ मध्यें नॉर्थ कॅरोलायनांतील मोरहेड सिटी येथील 'बिग रॉक' स्पर्धेंत 'सेन्सेशन' ह्या बोटीनें शेवटच्या दिवशीं ६१९ पौंडांवरचा निळा मार्लिन आणला. सहा तासांहून अधिक झुंज झाली होती. परीक्षकांनीं माशाच्या अंगावर शार्कच्या चाव्याच्या खुणा पाहून तो बाद केला; आणि त्याबरोबर सुमारें ३५ लक्ष डॉलरांचें बक्षीस गेलें. पहिला क्रमांक ४८४ पौंडांच्या माशाला मिळाला. कोट्यवधि रुपयांचा एवढा महाग घांस दुसऱ्या कोणत्या जलचरानें घेतल्याचें ऐकिवांत नाहीं.

कीर्तीची गोष्ट सोडून देऊन नुसत्या मालकीचें पाहिलें तर हवाईचा रिवाज मोठा चमत्कारिक आहे. तेथें भाड्याच्या बोटीवर धरलेला मासा पूर्वींपासून बोटीचा समजला जातो. पाहुण्याला छायाचित्र मिळतें, फार तर घरीं नेण्यापुरते तुकडे मिळतात. बाकी मासा कप्तान बाजारांत विकतो आणि त्या पैशांवर खलाशाचें पोट चालतें. पहिल्यांदाच आलेला पाहुणा हें ऐकून पुष्कळदां चकित होतो, रागावतोहि. इतके पैसे भरले, इतका घाम गाळला, आणि मासा ह्यांचा? परंतु भाडें ठरवितांना ही मिळकत गृहीत धरलेली असते. अमेरिकेच्या मुख्य भूमींत मार्लिनची विक्री २०१२ सालच्या कायद्यानें बंद झाली. हवाईला सूट मिळाली, आणि २०१८ सालीं त्या सुटीला मर्यादा पडली ती अशी कीं हवाईचा मार्लिन हवाईतच विकला पाहिजे.

ह्या सूटबंदीच्या मागें एक जीवशास्त्रीय गोष्ट आहे, ती होल्डरच्या काळांत कोणाच्या ध्यानांत आलेली नव्हती. निळ्या मार्लिनचा नर क्वचितच साडेतीनशें पौंडांच्या पुढें जातो. पांचशें, हजार, अठराशें पौंडांचा जो मासा शिकारी धुंडीत असतो ती मादी असते. म्हणजे विक्रमाचा नियम जितका चोख पाळावा तितकी समुद्रांतली सर्वांत जुनी, सर्वांत अधिक अंडीं घालणारी आई नेमकी वेंचून काढली जाते. एका माशासाठीं शंभरांची नासाडी थांबवावी म्हणून निघालेला खेळ असा भलत्याच जागीं येऊन ठेपला. अर्थात् मार्लिनची मोठी हानि ह्या हौशी बोटींनीं होत नाहीं. ट्यूनासाठीं मैलच्या मैल दोरीला हजारों गळ लावून फिरणाऱ्या व्यापारी जहाजांनीं ती होते. तरी तेवढ्यानें हौशी शिकाऱ्याची जबाबदारी सुटत नाहीं.

म्हणून मासा बोटीशीं आणून पुन्हां सोडून देण्याची पद्धति वाढली. वुड्स होल येथील फ्रँक माथर ह्या संशोधकानें १९५४ सालीं शिकाऱ्यांच्या आणि कप्तानांच्या मदतीनें माशांना खुणेच्या चकत्या टोंचून सोडण्याचा उपक्रम सुरू केला, आणि त्यांतून कांहीं आश्चर्यकारक गोष्टी कळल्या. अमेरिकेच्या डेलावेअर राज्याबाहेर अटलांटिकमध्यें खूण केलेला एक निळा मार्लिन तीन वर्षांनीं हिंदी महासागरांत, मॉरिशसजवळ सांपडला. आफ्रिकेला वळसा घालून आलेला हा मासा अमेरिकेचा म्हणावयाचा, मॉरिशसचा म्हणावयाचा, कीं आणखी कोणाचा, ह्याचा निवाडा कोणत्या नोंदवहींत व्हावा!

सोडण्याच्या ह्या पद्धतींत जुना नियम एका अर्थीं उलटा झाला आहे. पुष्कळ स्पर्धांत आतां खलाशाचा हात तारेला लागला कीं मासा 'धरला' असें मोजतात. म्हणजे ज्याच्या स्पर्शानें पूर्वीं मासा बाद होई त्याच्याच स्पर्शानें तो मान्य होऊं लागला. नंतरचें कामहि त्याचेंच. तो कठड्यावर ओणवा होऊन माशाची सोंड दोन्ही हातांनीं धरतो, कप्तान बोट हळूहळू पुढें नेतो, आणि वाहतें पाणी कल्ल्यांतून जाऊन माशाच्या अंगांत जीव येईपर्यंत दोघे तसेच चालत राहतात. कधीं दहा मिनिटें, कधीं अर्धा तास. शेपटीचा पहिला जोरदार फटका बसला कीं खलाशी हात सोडतो.

त्या दिवशीं बोट बंदरांत शिरते तेव्हां तिच्या दांड्यावर मार्लिनचें चित्र असलेलें निशाण उलटें लावलेलें असतें. मासा सोडला, अशी ती खूण. पाहुणा आनंदांत असतो. त्याच्या जवळ छायाचित्र असतें. कप्तानाच्या बोटीचा लौकिक वाढलेला असतो. बाजारांत विकावयास मात्र कांहीं नसतें, आणि खलाशाला त्या संध्याकाळीं काय मिळणार हें सर्वस्वीं पाहुणा जातांना खिशांत हात घालतो कीं नाहीं ह्यावर अवलंबून असतें. निघण्यापूर्वींच ही रक्कम भाड्यांत धरावी आणि मासा सोडला तरी खलाशाचा वांटा बुडूं नये, असें म्हणणारे कप्तान आहेत. तसा करार झाल्यावर खलाशी गरम पाण्यानें सोंड धरून खरबरीत झालेले हात धुतो, मागचें तक्तपोस घासून काढतो आणि उद्यांच्या पाहुण्यासाठीं आमिषें लावून ठेवतो.